महात्मा बसवेश्वर : कल्याणच्या खजिन्याचे कारभारी

किल्लारीपासून सरळ रेषेत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर बसवकल्याण आहे. आज मध्ये राज्याची सीमा आहे. ती १९५६ साली पडली. त्यापूर्वी निजामाच्या राज्यात दोन्ही मुलूख एकाच कारभाराखाली नांदत होते, आणि त्याच्याही फार आधी, इसवी सनाच्या अकराव्या-बाराव्या शतकात, हा सारा प्रदेश कल्याणच्या चालुक्यांच्या छत्राखाली होता. ह्या काळ्या मातीत पिकलेल्या धान्यावरचा सारा शेवटी कल्याणच्या खजिन्यात जमा होत असणार. त्या खजिन्याचा कारभार काही वर्षे ज्या पुरुषाच्या हाती होता, त्यालाच आपण महात्मा बसवेश्वर म्हणून वंदन करतो.

अक्षय्य तृतीयेला त्यांची जयंती गावोगाव साजरी होते. अश्वारूढ प्रतिमेची मिरवणूक निघते, पताका लागतात, प्रसाद वाटला जातो. परंतु हे सत्पुरुष नोकरदार होते, रोज सकाळी कचेरीत जाऊन दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब लिहीत होते, धन्याची लहर आणि सहकाऱ्यांचा मत्सर त्यांनी वर्षानुवर्षे सोसला, ही गोष्ट मिरवणुकीच्या गर्दीत मागे पडते. शेतात, शाळेत, कारखान्यावर, दुकानात राबणाऱ्या माणसाला बसवेश्वर आपले वाटावेत ते खरे म्हणजे ह्या गोष्टीमुळे.

त्यांचा जन्म विजापूर जिल्ह्यातील बागेवाडी येथला. जन्मसालाविषयी विद्वानांत एकमत नाही. कोणी ११०५ मानतात, कोणी ११३१. पित्याचे नाव मादरस, मातेचे मादलांबिका. घराणे शैव ब्राह्मणाचे, अग्रहारात मानाचे. चरित्राची साधने म्हणजे मुख्यतः त्यांची वचने आणि त्यांच्यानंतरच्या शे-दीडशे वर्षांत रचलेले ग्रंथ. त्यांत हरिहर कवीची कन्नड रगळे आणि पाल्कुरिकी सोमनाथाचे तेलुगू बसवपुराण ही प्रमुख होत. ह्या ग्रंथांत चमत्कार पुष्कळ आहेत. त्यांतून माणूस वेचून काढावा लागतो. मात्र बसवेश्वर ही केवळ कविकल्पना नव्हे. बेळगाव जिल्ह्यातील अर्जुनवाड येथे १२६० सालचा शिलालेख आहे, त्यात त्यांचा आणि त्यांच्या घराण्याचा उल्लेख कोरलेला आहे.

मुलगा लहानपणापासून विचारी होता. एका कथेप्रमाणे आठव्या वर्षी मुंजीच्या वेळी त्याने जानवे घालण्यास नकार दिला. दुसऱ्या कथेप्रमाणे सोळाव्या वर्षी ते उतरवून ठेवले. थोरली बहीण नागाई हिला जो संस्कार नाही तो आपल्यालाच का, असा त्याचा प्रश्न होता असे सांगतात. काही झाले तरी घर सुटले, आणि कृष्णा व मलप्रभा ह्यांच्या संगमावर, कुडलसंगम येथे, जातवेदमुनींच्या आश्रयाला तो जाऊन राहिला. संगमनाथाची पूजा, अध्ययन, नदीचा काठ, अशी काही वर्षे गेली. त्या तरुणाला आयुष्यभर तेथेच राहायचे होते. देवाच्या पायाशी बसावे आणि जगाचा पसारा दूर ठेवावा, यापेक्षा गोड काय असते?

पण देवानेच त्याला तेथून उठवले. हरिहराने सांगितलेली हकीकत अशी : संगमनाथ स्वप्नात आला आणि त्याने आज्ञा केली की मंगळवेढ्यास जा, बिज्जळ राजाच्या दरबारी. तरुण बसव रडला. इतकी सेवा केली तरी देव आपल्याला दूर लोटतो म्हणून त्याने आक्रोश केला. ही कथा नीट ध्यानात घ्यावी. आपल्या बहुतेक साधुसंतांच्या कथांत देव भक्ताला संसारातून काढून रानात नेतो. येथे तो भक्ताला देवळातून काढून कचेरीत पाठवतो. देव तेथेही बरोबर असेल, एवढेच आश्वासन. बसवेश्वरांची सारी निष्ठा पुढे ह्याच एका आश्वासनावर उभी राहिली.

मंगळवेढे, म्हणजे आजच्या सोलापूर जिल्ह्यातील तेच गाव, जेथे पुढे दामाजीपंत होऊन गेले. तेथे त्या वेळी कलचुरी घराण्यातील बिज्जळ हा चालुक्यांचा मांडलिक म्हणून राज्य करीत होता. त्याच्या खजिन्याची कचेरी सिद्धदंडाधिप नावाच्या अधिकाऱ्याकडे होती. बसव तेथे गेला तेव्हा करणिक, म्हणजे हिशेबनीस, ओळीने बसून आकडेमोड करीत होते. नवखा तरुण बाजूला उभा राहून पाहत राहिला. एका हिशेबात चूक झाली होती आणि ती बसलेल्यांपैकी कोणाच्याच लक्षात येत नव्हती. ती त्याने नम्रपणे दाखवून दिली. पुन्हा हिशेब केला, तो ह्या पोराचे म्हणणे खरे निघाले. सिद्धदंडाधिप खूश झाला आणि नोकरी मिळाली. वशिला नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. मामा बलदेव हा बिज्जळाचा मंत्री होता, असे इतर ग्रंथांत येते, आणि त्याचीच मुलगी गंगांबिका बसवेश्वरांना दिली. तरी हरिहराने नोकरी मिळण्याचे कारण मामा दिलेले नाही, अचूक हिशेब दिलेले आहे.

पुढची बढती भराभर झाली. करणिकाचे भांडारी झाले, भांडाऱ्याचे दंडनायक झाले. ११५७ च्या सुमारास बिज्जळाने दुबळ्या झालेल्या चालुक्यांचे सिंहासन बळकावले आणि राजधानी कल्याणात त्याचा अंमल सुरू झाला. बसवेश्वरही कल्याणास आले. धनी आता मांडलिक राहिला नव्हता, मोठ्या राज्याचा स्वामी झाला होता, आणि त्याने ते राज्य ज्या मार्गाने मिळवले तो मार्ग सरळ नव्हता. अशा धन्याची चाकरी करणे हे बसवेश्वरांचे पहिले संकट होते. बाहेरचे शत्रू नंतर आले. आधी स्वतःच्याच मनाने आणि शिवभक्तांनी त्यांना विचारले की परमेश्वराचा दास म्हणवणारा माणूस एका राजाचा दास कसा? त्यांच्या वचनांत ह्या टोचणीचे पडसाद आहेत. राजाच्या पायरीशी आपण पोटासाठी किंवा मानासाठी जात नाही, मिळकत शरणांच्या सेवेत घालण्यासाठी जातो, हा त्यांनी स्वतःला दिलेला जबाब होता. तो जबाब पुरता समाधान देणारा होता का, हे सांगणे कठीण. नोकरी करणाऱ्या कित्येक सज्जनांना हीच टोचणी आजही लागते आणि असाच जबाब स्वतःला द्यावा लागतो.

कल्याणातील त्यांचे घर महामने म्हणून ओळखले जाई. येणाऱ्या-जाणाऱ्या जंगमांना आणि शरणांना तेथे अन्न मिळे. त्याला दासोह म्हणत. पगाराचा पैसा घरात साठत नसे. पत्नी गंगांबिका आणि नीलांबिका, बहीण नागाई, तिचा विद्वान मुलगा चन्नबसव ही सारी माणसे ह्या अन्नसत्रात राबत. शिवाय अनुभवमंटप नावाची शरणांची सभा भरे. अल्लमप्रभू तिचे अध्यक्ष. तेथे परीट मडिवाळ माचय्या, नावाडी अंबिगर चौडय्या, दोर वळणारा नुलिय चंदय्या, अक्कमहादेवीसारखी राजवैभव सोडून आलेली तपस्विनी, अशी माणसे एका पंक्तीला बसून परमार्थाची चर्चा करीत. सोलापूरचे सिद्धरामेश्वर, ज्यांची गड्ड्याची यात्रा आपल्याकडील हजारो लोक करतात, तेही अल्लमप्रभूंबरोबर कल्याणास आले होते. सोलापुरात त्यांनी तळी खोदली, देवळे उभारली. त्यांना अल्लमप्रभूंनी बाहेरच्या बांधकामाकडून आतल्या साधनेकडे वळवले, अशी कथा आहे.

ह्या सभेने जगाला कायक हा शब्द दिला. कायक म्हणजे कायेने करायचे काम, प्रामाणिक कष्टाचा धंदा, आणि तोच पूजेच्या बरोबरीचा. शब्द सोपा आहे, परंतु त्याची कसोटी किती कडक होती हे दोन कथांवरून कळते.

आयदक्की मारय्या हा गरीब शरण सांडलेले तांदळाचे दाणे वेचून त्यावर आपले घर आणि दासोह चालवी. एके दिवशी त्याच्या ओटीत रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आले. कोणी म्हणतात बसवेश्वरांनीच त्याची गरिबी पाहून मुद्दाम जास्त सांडवले होते. घरी बायको लक्कम्मा हिने ते पाहिले आणि विचारले की आजच एवढे कसे? रोजच्या गरजेपेक्षा जास्त घेणे हा लोभ आहे, देवाला तो चालणार नाही, असे बजावून तिने नवऱ्याला जास्तीचे दाणे परत टाकून यायला लावले. बसवेश्वरांच्या औदार्यालाही त्या बाईने मर्यादा दाखवून दिली. राज्याचा खजिना सांभाळणारा भांडारी आणि मूठभर तांदळाचा हिशेब ठेवणारी लक्कम्मा, ह्या दोघांत अधिक मोठे कोण, असा प्रश्न ही कथा ऐकणाऱ्याला पडतो.

दुसरी कथा चंदय्याची. तळ्याच्या काठी दोरासाठी गवत कापताना त्याच्या गळ्यातील इष्टलिंग पाण्यात पडले. तो ते शोधत बसला नाही. गवताचा भारा उचलून चालू लागला. कथा म्हणते की लिंगच त्याच्या मागे आले आणि विनवू लागले. तरी चंदय्या ऐकेना. हातातले काम टाकायला तो तयार नव्हता. अखेर माचय्याने समजूत घातली, तेव्हा कुठे त्याने लिंग पुन्हा धारण केले. भाविकाला ही कथा थोडी दचकवते. ती सांगणाऱ्यांनाही दचकवायचेच होते.

आता बसवेश्वरांवरील मोठ्या संकटाकडे वळावयाचे. दरबारात त्यांचा उत्कर्ष ज्यांना सलत होता त्यांत कोंडेय मंचण्णा ह्याचे नाव परंपरेने ठेवले आहे. राजाच्या कानी लागायला निमित्त आयते होते. ज्याच्या दारी शेकडो पाने उठतात त्याचा पैसा येतो कोठून? भांडारी खजिना लुटून जंगमांना जेवू घालतो, अशी कागाळी झाली. असा आळ फार वाईट असतो. कामात कसूर झाली असे म्हटले तर काम दाखवता येते. पैसा खाल्ला असे म्हटले की माणसाचे देवपणच त्याच्याविरुद्ध पुरावा होते. दानधर्म जितका मोठा तितका संशय मोठा. बिज्जळाने हिशेब मागितला.

बसवपुराणात ह्या प्रसंगी चमत्कार घडतो. बसवेश्वर देवाचे स्मरण करतात, खजिना उघडला जातो, मोजदाद होते, आणि नाणी कमी तर नाहीतच, उलट थोडी जास्तच भरतात. असा आळ एकदाच आला असेही नाही. पुन:पुन्हा कागाळ्या झाल्या, पुन:पुन्हा तपासणी झाली, आणि दर वेळी भांडार पुरे भरले. पुराणकाराला ह्यात शिवाची कृपा दिसली. ती होतीच. परंतु मंगळवेढ्याच्या कचेरीत पहिल्याच दिवशी दुसऱ्यांची चूक पकडणारा हा हिशेबनीस होता, हे विसरून चालणार नाही. राजाचे ते राजाचे आणि आपले ते शरणांचे, अशी रेघ त्यांनी नोकरीच्या आरंभापासून ओढून ठेवली असली पाहिजे. आळ आल्यावर ओढलेली रेघ कोणी मानत नाही. देवावर भरवसा असल्यामुळे ते तपासणीला घाबरले नाहीत, आणि त्यांनी तपासणी टाळलीही नाही. खजिन्याच्या दाराशी उभे राहून मोजदाद होईपर्यंत थांबणे, मागे कुजबुज चालू असताना थांबणे, ह्याला किती धैर्य लागते हे ज्याच्यावर खोटा आळ आला असेल त्यानेच सांगावे.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कामावर गेले. पुराणात ह्याला फारशी जागा नाही. पण ज्यांनी आपल्याला चोर म्हटले त्यांच्याच शेजारी बसून पुन्हा तेच आकडे मांडायचे, हे काम त्यांनी कित्येक वर्षे केले.

अखेरीस जे संकट आले त्यात मात्र हिशेब दाखवून सुटका होण्यासारखे काही नव्हते. शरणांपैकी मधुवरस हा जन्माने ब्राह्मण आणि हरळय्या हा चर्मकार. मधुवरसाची मुलगी आणि हरळय्याचा मुलगा ह्यांचा विवाह झाला. शरणांच्या दृष्टीने दोघेही लिंगधारी, म्हणून दोघेही समान. सनातनी मंडळी खवळली आणि राजावर दडपण आले. ज्या राजाने खजिन्याच्या बाबतीत भांडाऱ्याला निर्दोष ठरवले होते, तो ह्या वेळी कचरला. दोन्ही पित्यांना देहान्त शासन झाले. त्यांचे डोळे काढून त्यांना हत्तीच्या पायी दिले, अशी परंपरा सांगते. मुला-मुलीचे पुढे काय झाले ह्याविषयी कथाकार फारसे बोलत नाहीत.

बसवेश्वरांना येथे नमते घेता आले असते. विवाह आपल्याला मान्य नव्हता एवढे एक वाक्य उच्चारले असते तर अधिकार, वाडा, मान, सारे राहिले असते. त्यांनी ते उच्चारले नाही. त्यांनी कल्याण सोडले. राजाने घालवले असे काही ग्रंथ म्हणतात, स्वतःहून गेले असे काही. पद गेले, आणि ज्या देवाच्या आज्ञेवरून ते नोकरीत आले होते त्याच्याचकडे, कुडलसंगमाला, ते परत निघाले. मागे कल्याणात रक्तपात झाला. ११६७ च्या सुमारास बिज्जळ मारला गेला. मारेकरी कोण होते आणि कोणाच्या चिथावणीवरून, ह्याबाबत शैव आणि जैन कथांचा मेळ बसत नाही. शरणांची पांगापांग झाली. चन्नबसव वचनांच्या पोथ्या आणि काही शरण घेऊन उळवीच्या जंगलाकडे गेला.

म्हणजे व्यवहारी माणसाच्या हिशेबाने पाहिले तर शेवट अपयशाचाच झाला. सभा मोडली, मित्र मारले गेले, नोकरी गेली. निष्ठेने राबले की देव सारे गोड करतो असे सांगणाऱ्यांनी बसवेश्वरांचे चरित्र शेवटपर्यंत वाचावे. संगमनाथाने स्वप्नात बरोबर असण्याचे वचन दिले होते. यशाची हमी त्यात नव्हती, आणि बसवेश्वरांनी ती मागितल्याचेही कोठे दिसत नाही.

देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पुस्तिकेत बसवेश्वरांचे चरित्र पाहून एखाद्या जाणकाराच्या कपाळाला आठी पडेल. कारण दगडी देवळांविषयी त्यांचे मत सर्वश्रुत आहे. तळहातावरचे इष्टलिंग हेच त्यांचे दैवत, माणसाचा देह हेच देऊळ. श्रीमंताने पैशाने उभारलेले बांधकाम आज ना उद्या ढासळणार, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे. किल्लारीला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली आणि दगडामातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्या पहाटेनंतरही येथील माणसे पत्र्याच्या शेडमधून उठून शेतावर गेली, पेरणी चुकली नाही, शाळा पत्र्याखाली भरल्या. देऊळ दगडाचे आहे, ते पुन्हा बांधावे लागते. बांधणारे हात, पावती फाडणारा, दगड घडवणारा पाथरवट, पाणी मारणारी बाई, ह्यांच्या कामाला बसवेश्वरांनी देवळापेक्षा कमी लेखले नसते. जमाखर्च मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून पाहायला मागितला असता.

कल्याणातून पांगलेले शरण सर्व दिशांना गेले आणि त्यांच्याबरोबर कायकाचा विचारही गेला. मराठी मुलखात तो पुढे सोळाव्या शतकात मन्मथस्वामींनी ओवीबद्ध परमरहस्यातून सांगितला. बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे त्यांच्या समाधीला कार्तिकी पौर्णिमेस दिंड्या जातात, त्यांत लातूर-नांदेडकडील माणसे मोठ्या संख्येने असतात. कल्याणी हे जुने नाव बदलून गावाला बसवकल्याण हे नाव मिळाले. ज्याला तेथून जावे लागले त्याच्याच नावाने आज ते गाव ओळखले जाते.

कुडलसंगमी बसवेश्वर लिंगैक्य झाले. पुढे कृष्णेवर नारायणपूरचे धरण झाले आणि फुगवट्याचे पाणी त्या जागेला वेढू लागले. तेव्हा ऐक्यस्थळाभोवती विहिरीसारखी भक्कम गोल भिंत बांधण्यात आली. आता चहूकडे नदीचे पाणी असते, आणि यात्रेकरू पुलावरून जाऊन, पायऱ्या उतरून, त्या पाण्याच्या पातळीखाली कोरड्या राहिलेल्या जागी माथा टेकतात.